आधी दिवसाची सहल, मग खोल्या: कोल्हापूर जिल्ह्यात कृषी पर्यटन कसं उभं करावं

मळ्यावर कृषी पर्यटन सुरू करायचं म्हणून आमच्याकडे चौकशीला येणारा जवळपास प्रत्येक शेतकरी पहिला प्रश्न एकच विचारतो, "दादा, किती खोल्या बांधू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं वर्ष एकही खोली बांधू नका. कर्ज काढून चार खोल्या आणि पोहायचा तलाव बांधलेले, आणि पुढे हप्ता भागवायला त्याच खोल्या रात्रीच्या पार्ट्यांना देऊ लागलेले लोक मी जवळून पाहिले आहेत. तिथे शेती नावापुरती उरते. गावातली माणसं त्या फाटकातून आत जायचं टाळतात.

आमचं रान पन्हाळा तालुक्यात आहे. दोन एकर ऊस, अर्धा एकर भात, दोन म्हशी आणि बांधावरची आंब्याची झाडं. एवढ्यावर काम सुरू केलं. कुठलाही निर्णय घेताना आम्ही एकच गोष्ट बघतो: पाहुण्याने सकाळी दिलेला पैसा संध्याकाळपर्यंत गावातल्या किती घरांत पोचला? फक्त माझ्या घरात थांबला असेल, तर तो माझा धंदा झाला, त्याला गावाचा विकास म्हणता येणार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारातून आल्या आहेत.

पहिली पायरी: आपण कोणत्या कोल्हापुरात आहोत ते ओळखा

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रस्सा आणि चप्पल. पण जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि त्यांचं हवापाणी एकमेकांशी जुळत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेच्या शिरोळात पाचशेच्या आसपास. पश्चिमेला भात, नाचणी आणि जंगल. पूर्वेला काळी जमीन, ऊस, भाजीपाला. दक्षिणेला आजरा-चंदगडात काजू आणि घनसाळ तांदूळ, गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची. शिरोळच्या शेतकऱ्याने राधानगरीसारखं "निसर्गरम्य" व्हायचा प्रयत्न करू नये, आणि राधानगरीच्या शेतकऱ्याने भाजीपाल्याचं हरितगृह दाखवायचा आटापिटा करू नये.

त्यासाठी एक संध्याकाळ घरच्यांना घेऊन बसा आणि वहीत तीन गोष्टी लिहा. एक, माझ्या रानात आणि पाच किलोमीटरच्या आत रोजच्या रोज काय चालतं. दोन, पाहुणा कुठल्या रस्त्याने येणार. पुणे-बंगळूर महामार्गावरचा, अंबाबाई किंवा जोतिबाला आलेला, पन्हाळ्याला निघालेला, फोंडा घाटातून कोकणात उतरणारा, यांची गरज वेगवेगळी असते. जोतिबाला आलेल्या कुटुंबाकडे जेमतेम अर्धा दिवस असतो. गोव्याच्या वाटेवरच्याला दोन तासांची विश्रांती आणि गरम जेवण हवं असतं. तीन, पाणंद. मुख्य रस्त्यापासून मळ्यापर्यंतची वाट जुलैत चारचाकीला चालते का? नसेल चालत, तर गाडी गावात कुठे लावायची आणि तिथून बैलगाडीने आणायचं की चालत, हे आत्ताच ठरवा. आमची पाणंद पावसात चिखलाने भरते. म्हणून गाड्या शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत लागतात आणि त्याचे पैसे ग्रामपंचायतीकडे जमा होतात.

नदीकाठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पाटबंधारे विभागाच्या पूररेषा, निळी आणि लाल, आपल्या जमिनीच्या गटातून कुठून जातात हे नकाशावर पाहून घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचं महत्त्व सांगावं लागणार नाही. दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता.

दुसरी पायरी: कामाचं पंचांग मांडा

आमच्या अनुभवात पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतं ते चालू असलेलं काम. त्यासाठी वेगळी करमणूक उभारावी लागत नाही. मात्र कोणत्या महिन्यात काय चालू असतं याचा तक्ता हवा, म्हणजे फोन आला की लगेच सांगता येतं.

आमच्या भागात वर्ष साधारण असं जातं. मे महिन्यात पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरणी, होते. जिथे लावणीची पद्धत आहे तिथे तरवा, म्हणजे रोपवाटिका, टाकतात आणि जुलैत चिखलणी करून रोप लावतात. आषाढात बेंदूर येतो, बैलांची शिंगं रंगतात, घरोघर पोळ्या होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला भात कापणी-मळणी. दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे निघतात आणि त्याच सुमारास गुऱ्हाळं पेटतात, ती मार्चपर्यंत. एप्रिल-मे म्हणजे चटणीचे, वर्षाचा तिखट मसाला करण्याचे दिवस. मेच्या अखेरीला, मोठा पाऊस लागण्याआधी, राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला काजव्यांनी झाडं उजळतात.

यातली दोन कामं मी जरा सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरकडे ती आहेत आणि बऱ्याच ठिकाणी नाहीत.

गुऱ्हाळ. पूर्वी आमच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळं भरपूर होती, आता मोजकी उरली आहेत, कारण ऊस थेट कारखान्याला जातो. जे गुऱ्हाळ अजून चालू आहे त्याच्या मालकाला भेटून स्पष्ट करार करा: पाहुण्यांच्या दर खेपेला ठरावीक रक्कम आणि जो गूळ विकला जाईल त्याची सगळी किंमत त्याची. आपण मधे दलाली ठेवायची नाही. पाहुण्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा. चरकातून निघणारा रस, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, तो तापताना वर येणारी मळी, ती ओढून काढायला टाकलेलं भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी, काहिलीखालच्या चुलवाणात वाळकी चिपाडं सारणारा माणूस. पाक तयार झाला का हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थंड पाण्यात थेंब टाकून, बोटाने गोळी करून बघतो. त्या क्षणी सगळे गप्प होतात. मग काहील उतरते, वाफ्यात पाक ओततात, फावड्याने फिरवतात आणि रवे, म्हणजे ढेपा, भरतात. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो, हा आकडा ऐकला की शहरातल्या माणसाला गुळाची किंमत कळते.

इथे एक प्रामाणिकपणा पाळा. बाजारात पिवळाधमक गूळ खपतो म्हणून काही ठिकाणी हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन वापरतात. पाहुण्यासमोर केलेला गूळ गडद तपकिरी असला तर असू द्या, आणि तो तसा का आहे हे सांगा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाला शोभेल असा माल द्यायची जबाबदारी आपल्यावर येते. आमच्या गुऱ्हाळाचे गुळवे मामा सत्तरीचे आहेत. पहिल्या खेपेला एका मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळतं झालं म्हणून?" मामा थोडा वेळ थांबून म्हणाले, "बाळ, चाळीस वर्सं हात भाजून घेतलाय, मग कळालंय." आता शाळेच्या सहली आल्या की ते स्वतः पुढे येऊन बोलतात. त्यांचा नातू शेजारी उभा राहून शिकतो आहे. मला या कामातली सगळ्यात मोठी कमाई तीच वाटते.

दुसरं काम चटणीचं. कोल्हापूरच्या घराला वर्षाची चटणी लागते. मिरच्या आणून वाळवणं, देठं खुडणं, कांदा-लसूण-खोबरं भाजणं, गरम मसाले परतणं आणि सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, नेऊन कुटून आणणं. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी हेच पाहुण्यांसाठी खुलं केलं. पाहुणा सकाळी येतो, मिरच्या निवडतो, भाजणीला हात लावतो आणि संध्याकाळी स्वतःच्या नावाची बरणी घेऊन जातो. एप्रिल-मे हा उन्हामुळे रिकामा जाणारा काळ होता, तो भरला. यात गुंतवणूक जवळपास शून्य आहे. तुमच्या गावात डंक असेल तर पुढच्या उन्हाळ्यात जरूर करून बघा.

तिसरी पायरी: गावाशी आधी बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी स्वतः पहिल्या वर्षी गाळली. एका कार्यालयाची साठ माणसांची सहल घेतली, गावात कुणाला सांगितलं नाही. पाणंदीत गाड्या अडकल्या, ऊसतोडीची ट्रॅक्टर-ट्रॉली दोन तास थांबून राहिली. पाहुण्यांची मुलं शेजारच्या रानात शिरली आणि भुईमुगाच्या वेलांचे वेल उपटून आली. स्पीकर लावू नका म्हणून सांगायची मला हिंमत झाली नाही. स्वयंपाक करणाऱ्या वैनी रात्री नऊला घरी गेल्या. शेजारच्या आण्णांचं नुकसान मी दुसऱ्या दिवशी भरून दिलं, पण त्यांच्या मनातलं जायला वर्ष लागलं. तेव्हापासून एका दिवशी पंचवीसच्या वर माणसं नाहीत, हा नियम आहे. शाळेची सहल असली तर आधी आठ दिवस ग्रामपंचायतीत आणि शेजाऱ्यांना कळवतो.

गावात बैठक घेताना मोघम बोलू नका. "गावाचा फायदा होईल" असं म्हटलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. नावानिशी मांडा: जेवण बचत गट करणार, ताटामागे इतके. बैलगाडी अमुक दाजींची, फेरीमागे इतके. शिवार दाखवायला कॉलेजात जाणारी दोन मुलं-मुली, दिवसाचे इतके. कुंभाराच्या आव्याकडे नेलं तर त्यांना इतके. लेझीम किंवा धनगरी ढोलाचं पथक बोलावलं तर त्यांची बिदागी आधी, हातात. हे सगळे दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ज्याला उद्या यायचं आहे त्यालाही वाट दिसते.

बचत गटाबद्दल एक सांगतो. बायकांना मजुरीवर बोलावू नका, ताटाचा ठेका द्या. मजुरीत त्यांना दिवस मिळतो. ठेक्यात किराणा कुठून घ्यायचा, भाजी कुणाच्या रानातली घ्यायची, हे त्या ठरवतात आणि उरलेला नफा गटाचा होतो. उमेद या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानात नोंदलेला गट असेल तर बँकेचं खातं, हिशेबाची वही आधीच असते. आमच्या गटाने दुसऱ्या वर्षी स्वतःची मोठी भांडी आणि पीठ मळायचं यंत्र घेतलं. मला विचारलंही नाही, आणि ते योग्यच झालं.

चौथी पायरी: एक दिवस नीट बसवा

खोल्यांआधी एका दिवसाची सहल पक्की करायची. आमचा दिवस असा चालतो. सकाळी नऊला गवती चहा किंवा ताक, आणि थालीपीठ-लोणी. साडेनऊला शिवारफेरी, जास्तीत जास्त दीड तास. अकराला गुऱ्हाळ किंवा त्या महिन्याचं चालू काम. एक वाजता पंगत. त्यानंतर दोन तास काहीच नाही. आंब्याखाली घोंगडी पसरलेली असतात, ज्याला झोपायचं तो झोपतो. सुरुवातीला मी त्या वेळेतही खेळ, स्पर्धा ठेवत होतो. लोक दमून जायचे. साडेतीनला विहीर, मोट होती ती जागा, पाण्याची वाटणी कशी होते हे सांगणं. पाचला म्हशींची धार. साडेपाचला चहा आणि निरोप.

जुलैत रोप लावायला पाहुणे आणायचे असतील तर एक छोटा वाफा त्यांच्यासाठी वेगळा राखा. त्यांनी लावलेलं रोप बरंचसं तरंगतं, बायकांना ते परत लावावं लागतं. त्याची मजुरी दरातच धरा. चिखलात उतरण्याआधी घड्याळ, अंगठ्या, मोबाईल काढायला सांगा आणि हातपाय धुवायला गरम पाणी तयार ठेवा. पावसात भिजलेल्या मुलांना ते गरम पाणी दिवसभरातलं सगळ्यात सुखाचं वाटतं.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरची जुनी सवय. पाहुणे मुद्दाम मागतात. आपण मात्र उकळूनच द्यावं, ज्याच्या पोटाला सवय नाही त्याला त्रास होऊ शकतो आणि कच्च्या दुधातून रोगही जातात.

बैलगाडीत एका वेळी सहा माणसं, त्यात दोन मुलं. उन्हात अकरा ते चार बैल सावलीत. यावर कुणी हुज्जत घातली तर ऐकू नये.

पाचवी पायरी: ताटात काय

तांबडा-पांढरा रस्सा शहरातल्या खानावळीत उत्तम मिळतो. त्यांच्याशी स्पर्धा करायची गरज नाही. आमच्या ताटात नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, खर्डा, वरण्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी, हुलग्याचं माडगं, दही, कांदा आणि शेवटी भात. घनसाळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. आजऱ्याच्या या सुवासिक तांदळाला २०१६ साली मानांकन मिळालं आहे. गरम भात, दूध आणि किसलेला गूळ एवढंच वाढून बघा. मटण आम्ही आगाऊ सांगितलं तरच करतो, आणि ते घरच्या चटणीतलं. मसाला आपल्या भागातल्या मानाने थोडा हलका, खर्डा वेगळ्या वाटीत. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आणून काही मिळत नाही.

पिण्याचं पाणी तपासून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर, सरकारी प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल भिंतीला लावा.

दारू नाही. हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं. निम्मे फोन तिथेच संपतात आणि संपू द्यावेत. ज्या दिवशी मळ्यावर दारू येईल त्या दिवशी बचत गटाच्या बायका येणं बंद करतील, शाळा सहल पाठवणार नाहीत.

सहावी पायरी: दर आणि हिशेब

समजा वीस माणसं आली आणि माणशी सातशे रुपये घेतले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. जमा १४,००० रुपये. त्यातून ताटाचे आणि नाश्त्याचे माणशी अडीचशे, म्हणजे ५,००० गटाला. गुऱ्हाळाला १,५००. बैलगाडीला १,०००. शिवार दाखवणाऱ्या दोघांना मिळून १,०००. स्वच्छता, सरपण, किरकोळ ८००. एकूण खर्च ९,३००, उरले ४,७००. त्यातले १,४०० दुरुस्तीसाठी वेगळे काढा, कारण संडासाचा नळ आणि बैलगाडीची धाव यांना पैसा लागतोच. तुमच्या हातात ३,३००.

वर्षात असे तीस दिवस झाले तर तुमचे ९९,००० रुपये. आणि गट, गुऱ्हाळ, बैलगाडी, पोरं मिळून २,५५,०००. यात पाहुण्यांनी जाताना नेलेला गूळ, काकवी, तांदूळ, चटणी धरलेली नाही. आडसाली ऊस पंधरा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि बिल आलं की सोसायटीच्या कर्जात वळतं होतं. हा पैसा दर आठवड्याला, रोख, बायकांच्या आणि तरुण पोरांच्या हातात येतो. गावाच्या दृष्टीने फरक इथे पडतो.

घासाघीस करणाऱ्याला दर कमी करून देऊ नका, कारण ती सूट शेवटी ताटातून किंवा बैलगाडीवाल्याच्या मजुरीतून निघते. तारीख पक्की करताना तिसरा हिस्सा आगाऊ घ्या. पावसाळ्यात परताव्याचा नियम स्पष्ट असू द्या. आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो: पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की पाहुण्यांना फोन करून तारीख पुढे ढकलतो, आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठली तर सगळे पैसे परत.

हिशेबाची वही शेतीपासून वेगळी ठेवा. पाहुण्यांकडून मिळालेलं उत्पन्न आयकरात शेतीचं उत्पन्न म्हणून धरलं जात नाही. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर जाऊ लागली तर जीएसटीची नोंदणी लागते. पहिली काही वर्षं तो प्रश्न येणार नाही, पण वही पहिल्या दिवसापासून हवी.

सातवी पायरी: कागद

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यात वैयक्तिक शेतकरी, शेतकरी कंपन्या, सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना नोंदणी करता येते. जमीन किमान एक एकर लागते. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, शुल्क २,५०० रुपये, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण १,००० रुपये. कोल्हापूर जिल्हा पुणे विभागीय कार्यालयाकडे येतो. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न परवाना आणि शुल्काचं चलन एवढी जुळणी करून जा. अर्जाआधी धोरणाचा शासन निर्णय स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. खोल्यांची मर्यादा, मुलांच्या सहलींसाठी लागणारं क्षेत्र, बांधकामाच्या सवलती हे सगळं त्यात आहे.

जेवण देता म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. लहान व्यवसायाची मूळ नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. गट जेवण करत असेल तर ती गटाच्या नावावर घ्या. परदेशी पाहुणा मुक्कामी राहिला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. राधानगरी अभयारण्याच्या किंवा पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यातल्या गावांनी बांधकाम, रात्रीचे दिवे, शेकोटी यांबाबत वन विभागाला आधी लेखी विचारावं. राधानगरी २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथल्या जंगलावरच आपलं पर्यटन उभं राहणार.

आठवी पायरी: अपघात होण्याआधी

विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब दोरीसह काठावर. हे होईपर्यंत एकही मूल मळ्यावर आणू नका. गुऱ्हाळात काहिलीपासून दहा फुटांवर दोर बांधा. उकळत्या पाकाचा थेंब उडाला तर तो त्वचेला चिकटून भाजतो. चरकाजवळ ओढणी, मफलर, सैल बाही नको. उसात नेताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट, पात्याने कातडी कापते. नाग, घोणस, मण्यार आपल्या भागात आहेत. साप चावला तर मांत्रिकाकडे किंवा पट्टी आवळण्यात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन आणि थेट दवाखाना, मोठी सोय कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का हे हंगामाच्या सुरुवातीला विचारून ठेवा. जंगलालगतच्या गावांत गवा रानात उतरतो. पाहुण्यांना फोटोसाठी त्याच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, लांबूनच मागे फिरवायचं.

काजवे दाखवताना विजेरी, फ्लॅश, गाडीचे दिवे पूर्ण बंद. प्रकाशात काजव्यांची जोडी जमत नाही, आणि पुढच्या वर्षी झाडं उजळायची असतील तर हे पाळावं लागतं.

नववी पायरी: संडास, आणि त्यानंतर कधीतरी खोली

पहिला मोठा खर्च दोन स्वच्छ संडासांवर करा, त्यातला एक कमोडचा. गुडघे दुखणारी आजी सोबत असते आणि तिच्यासाठी सगळं कुटुंब परत येतं किंवा येत नाही. पाणी, साबण, झाकणाची बादली, रोज दोनदा सफाई. आमच्याकडे परत आलेल्या बहुतेक कुटुंबांनी जेवणाइतकंच संडासाचं नाव घेतलं आहे.

एक वर्ष दिवसाच्या सहली नीट चालल्या, लोक स्वतःहून "राहायची सोय आहे का" विचारू लागले, की आधी गावातल्या ज्या घरांत एक खोली रिकामी आहे त्यांना तयार करा. मुलं पुण्याला गेलेली, आजी-आजोबा दोघंच राहतात, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. त्यांना पाहुण्यांची सोबतही होते आणि चार पैसेही. ती घरं भरू लागल्यावरच मळ्यावर दोन खोल्या बांधा. पश्चिमेला जांभा दगड, इतर ठिकाणी विटा आणि वर मंगलोरी कौलं, गावातल्या गवंड्याच्या हाताने. बांधकामाआधी ग्रामपंचायत आणि तहसीलमध्ये लेखी विचारणा करून उत्तर फाईलला लावून ठेवा.

लोक येणार कसे

यावर फार पैसे घालवू नका. मोबाईलच्या नकाशावर जागा अचूक टाका, फाट्याचा आणि गाडी लावायच्या जागेचा फोटोही टाका. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगावच्या शाळांना दिवाळीआधी स्वतः जाऊन भेटा, कारण सहलींचं वेळापत्रक तेव्हा ठरतं. कृषी महाविद्यालय, ऊस व गूळ संशोधन केंद्र, कणेरी आणि तळसंदेची कृषी विज्ञान केंद्रं इथल्या लोकांना एकदा मळ्यावर जेवायला बोलवा. ते चुका दाखवतील, आणि त्या पाहुण्यांच्या आधी कळलेल्या बऱ्या.

सुरुवात कधी करायची, तर गुऱ्हाळं पेटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. पहिली पंगत पैसे न घेता द्या: शहरातले तुमचे चार नातेवाईक, गावातले शेजारी, गटाच्या बायकांच्या घरचे, गुळवे मामा आणि त्यांचा नातू. सकाळी नऊ ते साडेपाच, ठरल्याप्रमाणे सगळा दिवस चालवा. संध्याकाळी आंब्याखाली बसून प्रत्येकाला विचारा की कुठे वाट बघावी लागली, कुठे कंटाळा आला, काय अर्धवट राहिलं. ते सगळं त्याच वहीत लिहून घ्या आणि पुढच्या रविवारची आगाऊ रक्कम त्यानंतर घ्या.